शेळीचा रिकामा फुगा

मी एक जुनी चित्रपट्टी आहे. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, शब्दकोड्याच्या डोक्यावर बसणारी, चार चौकटींची. माझी नायिका शेळी. मित्रांनो, शेळीला सगळे गरीब समजतात. आमची मात्र कुणाचीच भीडभाड ठेवत नसे. सत्ताधारी असोत की विरोधक, त्यांच्या भाषणांचे कागद ती चघळायची आणि चौथ्या चौकटीत आपलं मत ठणकावून सांगायची.

मला काढायची एक भाची आणि छापायचे तिचे मामा, म्हणजे संपादक. भाची आधी निळ्या पेन्सिलीने रेघा मारी, मग शाई फिरवी. शेळीच्या तोंडाजवळच्या फुग्यातला मजकूर ती सर्वांत शेवटी लिही. तोवर माझाही जीव टांगणीला लागलेला असे.

एकदा नगराध्यक्षांनी नव्या पुलाची फीत कापली. पूल नदीच्या मध्यावरच संपत होता. त्या टोकाशी उभी राहून शेळी म्हणाली, "पुढचं पोहत जायचं का, साहेब?"

मामांना घाम फुटला. "अगं, तिला जरा गप्प कर. नाहीतर पट्टीच बंद करावी लागेल मला."

"मामा, मुकी शेळी हवी असेल तर दुसरं कुणी बघा," भाची म्हणाली आणि तडक घरी गेली.

मामांनी पांढऱ्या रंगाने फुग्यातली अक्षरं पुसली. त्या जागी काय लिहावं, ते काही त्यांना सुचेना. छपाईची वेळ झाली आणि मी तशीच छापून निघाले. मला फार लाज वाटली. आता आपलं संपलं, असंच वाटलं.

सकाळी न्हाव्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाने खिशातलं पेन काढून फुगा भरला. दुसऱ्याने ते खोडून आपलं लिहिलं. दाढ्या अर्ध्यावर राहिल्या. बसथांब्यावर, बँकेच्या रांगेत, जिथे तिथे शेळी बोलू लागली.

दुपारी मामा घरी जेवायला बसले. ताटाशेजारी पेपर होता. फुग्यात मामींच्या अक्षरात लिहिलं होतं, "आमचे हे घाबरले."

मामा आधी लालबुंद झाले, मग ठसका लागेपर्यंत हसले. हात धुऊन थेट भाचीच्या दारात उभे राहिले. "चल पोरी. शेळीने काय बोलायचं ते तुझं तू ठरव."

पुढे पूल पुरा झाला. नगराध्यक्षांनी पुन्हा फीत कापली. शेळीने ती खाल्ली.

आता मी पिवळी पडले आहे. मामींच्या कपाटात डब्यांखाली तोच अंक अंथरलेला आहे, आणि मी सुखात आहे. मित्रांनो, मला डब्यांखाली घाला, माझी वह्यांना कव्हरं करा, माझी तक्रार नाही. फक्त तुमच्यासमोर कुणी कुणाचे शब्द पुसले, तर तेवढं खिशातलं पेन बाहेर काढा.