तीन नंबरची गळती

पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमधली तीन नंबरच्या चेंबरची गळती मंगळवारी सकाळी कायमची बंद झाली. हिरामणने छतावर बॅटरी मारून खात्री करून घेतली. एकही थेंब नव्हता. मग तो बाहेर आला, नळाखाली प्लास्टिकचा मग भरला, परत आत गेला आणि दाराजवळच्या फरशीवर पाणी ओतून, गळती थांबलीच नाही असं त्याने ठरवून टाकलं.

पाणी त्याने द्राक्षांच्या पेट्यांपासून लांब ओतलं. ऑपरेटर म्हणून त्याचीही काही तत्त्वं होती.

तेवढ्यात मालकांची मुलगी तेजल आली. हल्ली सगळा कारभार तीच बघायची.

"हिरामणकाका, हे काय?"

"गळतंय, ताई. अजून."

तेजलने छताकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं आणि पुन्हा छताकडे.

"वर तर कोरडं आहे."

"पडून गेलंय."

"आणि हा मग?"

हिरामणने हातातल्या मगाकडे पाहिलं. तोही छतातूनच पडला असावा, असा त्याचा चेहरा होता.

"काका, नवा दरवाजा आपोआप बंद होतो. वरून हवेचा झोत आहे. बाहेरची दमट हवा आत शिरणारच नाही, तर गळेल कुठून?" ती मऊपणे म्हणाली. "मेकॅनिक मंगळूभाऊंना तसं सांगितलंय मी. आपलं सामान न्यायला येतील दुपारी. आता नाशिकची कंपनी मोबाईलवरूनच लक्ष ठेवणार आहे. कुणी यायलाच नको."

शेवटचं वाक्य तिने आनंदाची बातमी सांगावी तसं सांगितलं.

पहिला थेंब हिरामणच्या मानेवर पडला तो जानेवारीत. बायको दिवाळीपासून पुण्याला, नातू सांभाळायला गेली होती. रोज फोन यायचा. "जेवलात का?" "हो." मागे नातू रडायचा आणि फोन संपायचा. सकाळी लंकाबाईची टोळी यायची, गाडी भरायची, आरडाओरडा करून निघून जायची. उरलेला दिवस हिरामण आणि कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसरचं एकच म्हणणं होतं आणि ते तो दिवसभर मांडायचा.

थेंब पडला म्हणून मेकॅनिक बोलावला, तो मंगळू. पेठ तालुक्याकडचा माणूस. घरदार डोंगरात, स्वतः पंचवटीत खोली घेऊन राहणारा. त्याने पिशवीतून उदबत्ती काढली, पेटवली आणि बंद दाराच्या चौकटीभोवती सावकाश फिरवू लागला. फटीतून हवा ओढली जात असेल तर धूर तिकडे वळतो. हे लंकाबाईच्या टोळीला कुणी सांगितलं नव्हतं. बायांनी चपला काढल्या, हात जोडले.

"परसाद?" लंकाबाईने विचारलं.

मंगळूने खिसे चाचपले. खोकल्याच्या गोळ्या निघाल्या. सगळ्यांनी उजव्या हातात घेतल्या.

दोष चौकटीत नव्हताच. दाराच्या आत प्लास्टिकच्या लांब पट्ट्यांचा पडदा होता. पेट्या नेताना त्या तोंडावर बसतात म्हणून टोळीने त्या एकत्र करून, वेणी घालावी तशा, सुतळीने बाजूला बांधून टाकल्या होत्या.

"थोबाडीत खायला येतो का आम्ही हितं?" लंकाबाई म्हणाली.

दमट हवा बिनदिक्कत आत जात होती, गार छताला टेकत होती आणि तिचं पाणी होत होतं. मंगळूने सुतळी सोडली. पट्ट्या पुन्हा बांधायच्या नाहीत, असं लंकाबाईकडून कबूल करून घेतलं. गळती गेली. मंगळूही गेला.

पुढच्या सोमवारी टोळी गेल्यावर हिरामण त्या पडद्यासमोर बराच वेळ उभा राहिला. खुंटीवर सुतळी लटकत होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पट्ट्या बांधल्या.

मंगळवारी मंगळू आला.

त्यानंतर दर मंगळवारी यायचा. एकदा दाराचं रबर बदललं. एकदा पाइपच्या भोकात फोम भरला. एकदा तुंबलेली नळी साफ केली. सगळी कामं गरजेचीच होती. फक्त सुतळीकडे त्याचं कधी लक्षच गेलं नाही. माणूस भला आहे, पण डोक्याने जरा कमी, असं हिरामणने ठरवलं आणि त्याबद्दल देवाचे आभार मानले. थेंबाखालच्या पेट्या तो रोज बाजूला सरकवायचा, वर प्लास्टिक घालायचा. आपण बांधलेली गाठ आठवडाभर जशीच्या तशी टिकते, याचा त्याला थोडा अभिमानही वाटू लागला होता.

दुपारी दोघं बाहेर उन्हात पालथ्या क्रेटवर बसायचे. मंगळूची नागलीची भाकरी, हिरामणची करपलेली भाजी.

"आज करपली नाय," मंगळू म्हणायचा.

"करपलीय."

"मग लय चांगली करपलीय."

एवढं बोलणं हिरामणला पुढच्या मंगळवारपर्यंत पुरायचं.

मग परदेशी जाणाऱ्या मालातल्या एका पेटीचं बूड तेजलला ओलं लागलं. तिने कुणालाच बोल लावला नाही. दरवाजाच बदलला.

त्या मंगळवारी दुपारी मंगळू आला. नवा दरवाजा त्याने उघडून पाहिला. फरशीवरचं पाणी पाहिलं, खाली ठेवलेला मग पाहिला.

"हे छतातून?"

"मगातून," हिरामण म्हणाला.

मंगळूने मान हलवली. निदान करणाऱ्या माणसाला कारण पटलं की तो हलवतो तशी. जुन्या पट्ट्यांचा ढीग बाहेर भिंतीशी पडला होता, सुतळीसकट. मंगळू त्यापाशी उकिडवा बसला आणि गाठ सोडू लागला. लवकर सुटेना. त्याने दात लावले.

"हिरामणभाऊ, एक सांगू का? राग नका धरू."

"बोल."

"तुमची गाठ लय ढिली."

हिरामणने सुतळीकडे पाहिलं.

"सांजच्यापर्यंत सुटली असती. पट्ट्या खाली आल्या असत्या. मग कसली गळती नि काय?"

"पण सुटायची नाही," हिरामण म्हणाला. "आठवडाभर टिकायची."

"जाताना मी आवळून जायचो. भाताचा भारा बांधतो तशी."

दोघांनी समोर पाहिलं. मंगळूने उघडा ठेवलेला दरवाजा आपोआप बंद होत होता. कसलाही आवाज न करता.

मंगळूने सुतळीची गुंडाळी केली, खिशात टाकली. डब्यातली भाकरी मोडून अर्धी क्रेटवर ठेवली.

"येतो."

"मंगळवारी?"

मंगळू हसला आणि हायवेकडे चालू लागला. एका टेम्पोने त्याला घेतलं.

हिरामणने भाकरी खाल्ली. मग फाटक्या पेटीचं झाकण घेतलं, पेट्यांवर आकडे टाकायचा मार्कर घेतला आणि क्रेटवर बसून सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"मा. व्यवस्थापक यांसी. विषय: तीन नंबर चेंबरची गळती पूर्ववत सुरू करणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर गळती किमान मंगळवारपुरती मंजूर करण्यात यावी. मालावर थेंब पडू न देण्याची संपूर्ण जबाबदारी अर्जदाराची राहील. मात्र अर्जदाराची गाठ ढिली असल्याने ती आवळण्यासाठी बाहेरून माणूस बोलावणे आवश्यक आहे, याची कृपया नोंद घ्यावी."