गादीवरचे चार दाणे

धान्य-तपासनीस म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थांना कुत्र्याच्या गादीवर तांदळाचे चार दाणे सापडले आणि संशय थेट बायकोवर गेला. कुत्रा वाळत चालला होता, सारखा जमिनीवर बूड घासत होता. त्याला त्याच्या ठरलेल्या खाण्याशिवाय दुसरं काही घालायचं नाही, असं घरात ठरलं होतं.

"चोरून भात घालतेस त्याला!"

"अहो, चोरून घालायचा तर गादीवर सांडून ठेवीन का?"

उलट प्रश्न विचारते म्हणजे गुन्हा केलाच आहे, हा त्यांचा नोकरीतला अनुभव. त्यांनी दाणे पाकिटात सीलबंद केले, वर "बारीक, जुना, तुकडा" असा शेरा मारला आणि पुरावा, आरोपी व कुत्रा घेऊन जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी दाणे भिंगाखाली धरले, मग कुत्र्याची शेपटी उचलून पाहिली.

"काका, हे तांदूळ नाहीत. चपट्या जंताचे वाळलेले तुकडे आहेत. पिसू गिळली की हे जंत पोटात होतात. जंताचं औषध देते. पण पिसवाही घालवा, नाहीतर पुन्हा होतील."

"बरा होईल ना हा?" बायकोने विचारलं.

"अगदी बरा होईल."

मग ती नवऱ्याकडे वळली.

"तीस वर्षं तुम्ही पास केलेला तांदूळ लोकांनी शिजवून खाल्ला. तो नक्की तांदूळच होता ना हो?"