दोन चाकांचं बिऱ्हाड

म्हस्कूनं शिडीवर चढून कळशीभर पाणी डब्याच्या टपावर ओतलं, कळशी वरच सोडली आणि दुखऱ्या गुडघ्याला न जुमानता घाईघाईनं उतरून तो आत शिरला. मान वर करून उभा राहिला. पत्र्याच्या ज्या सांध्यातून काल धार लागली होती तिथं त्यानं एम-सील भरून वर डांबराचा हात दिला होता. एक थेंब सांध्याशी जमला, लोंबला आणि तिथंच राहिला.

"गळायचं थांबलं गं!" त्यानं आतूनच आरोळी दिली.

ओट्यावर त्याची बायको गिताबाई शेंगा फोडत बसली होती. तिनं डब्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. म्हस्कू दारात आला, हात पुसले, परत आत गेला, परत बाहेर आला. आता काय करावं हे त्याला सुचेना, म्हणून त्यानं चाकाचे नट पुन्हा आवळले. सकाळपासून ते तिसऱ्यांदा आवळले जात होते.

डबा म्हणजे रस्त्याच्या कामावरच्या एका ठेकेदाराची दोन चाकांवरची केबिन. काम संपल्यावर ती पाटसजवळ हमरस्त्याच्या कडेला गवतात पडून होती. म्हस्कूनं ती एसटीच्या खिडकीतून पाहिली आणि त्याच्या डोक्यात खूळ शिरलं. आठ दिवसांत ती विकत घेऊन, मुलाच्या पिकअपला मागं बांधून त्यानं आपल्या गावी, निमोण्याला आणली. रिकामी होती तेव्हा बिचारी मुकाट आली. गाव बघायला जमलं आणि कुणीतरी म्हणालं, आप्पांनी रेल्वेचा डबा आणला. तेव्हापासून तिचं नाव डबा.

खूळ तसं नवं नव्हतं. म्हस्कूनं मेंढरं विकली त्याला आठ वर्षं झाली होती. शेतात पाणी आलं, स्लॅबचं घर झालं, मुलगा हनुमंत भाजीपाल्याची गाडी चालवायला लागला आणि सगळे म्हणाले, आता बसून खा. पण बसायचं कसं हे काही कुणी शिकवलं नाही. दिवाळी सरून कळप घेऊन वाटेला लागायची जुनी वेळ आली की त्याच्या पायांत किडे वळवळायला लागायचे. यंदा रखमाजी धनगराचा कळप रस्त्यानं गेला, मागं घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या आणि एक पोर बांधलेलं, आणि म्हस्कू त्यांच्याबरोबर बोलत बोलत थेट न्हावऱ्यापर्यंत चालत गेला. संध्याकाळी हनुमंत त्याला गाडीत घालून घेऊन आला.

आता त्याचा बेत पक्का होता. हनुमंतानं डबा ओढून वडगाव रासाईला भीमेच्या काठी सोडायचा. चार दिवस तिथं. मग फोन केला की येऊन पाटसकडं न्यायचा, मग आणखी पुढं. जुनीच वाट, पण पायांवर नाही, चाकांवर. अडचण एकच होती. गिताबाई येणार का, हे त्यानं तिला अजून विचारलं नव्हतं. ती नाही म्हणेल याची त्याला भीती वाटत होती. तिच्याशिवाय त्या वाटेला त्याच्या लेखी काही अर्थ नव्हता. म्हणून तो विचारायच्या ऐवजी डबा सुधारत बसला होता.

अकरा दिवस चाललं होतं. जुन्या दाराची फळी कापून पलंग केला. भांडी पडू नयेत म्हणून फडताळाला काठ लावला आणि सायकलच्या ट्यूबचे पट्टे ताणून बसवले. खिडकीला मच्छरांची जाळी, जुन्या बॅटरीवर दिवा, चाकांच्या बेअरिंगला ग्रीस. दाराखाली लोखंडी पायरी बसवली, कारण गिताबाईलाही आता उंच पाय टाकवत नव्हता. प्रत्येक काम झालं की तो तिला हाक मारायचा. ती ओट्यावरूनच बघायची.

बाराव्या दिवशी त्यानं सामान भरलं. पाण्याचा ड्रम मागं, धान्याचं पोतं पुढं, शेगडी इकडं, अंथरुणं तिकडं. मग गाडीला जोडायचा पुढचा दांडा हातात घेऊन त्यानं हनुमंताला बोलावलं.

"हे बघ," तो म्हणाला आणि भरलेल्या डब्याचा तो दांडा त्यानं एका बोटानं उचलून दाखवला. "तागडीवानी बसलाय. घोड्याच्या पाठीवर दोन्हीकडं सारकं वजन लागतं, तसं क्येलंय."

"मस्त झालंय आप्पा," हनुमंत म्हणाला. त्याला यातलं काही कळत नव्हतं, पण बापाचं तोंड एवढं खुललेलं त्यानं फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

डबा गाडीला जोडून बापलेक एक चक्कर मारून बघायला निघाले. न्हावऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं ठीक होतं. सरळ रस्ता आला, हनुमंतानं थोडा वेग घेतला आणि मागून गाडीला कुणीतरी धरून हिसडल्यासारखं झालं. डबा डावीकडं गेला, उजवीकडं गेला, मग जोरानं डावीकडं. समोरून येणारा मोटारसायकलवाला रस्ता सोडून बाभळीत शिरला. हनुमंतानं ब्रेक न दाबता नुसता वेग सोडला, आणि गाडी हळूहळू थांबली. मोटारसायकलवाला येऊन दोघांच्या सात पिढ्या काढून गेला.

"आय गाडीत आसती तर, आप्पा?" हनुमंत शेवटी म्हणाला. "म्या ह्याला परत हूक लावणार न्हाई."

डबा बैलाच्या चालीनं घरी आला. गिताबाईनं दोघांची तोंडं पाहिली आणि पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं म्हस्कू दौंडला गेला. तिथं ख्रिस्तोफर राहायचा. त्याचा जन्म रेल्वेत डब्यांचा फिटर म्हणून गेला होता. त्याच्या वडिलांच्या शेतात म्हस्कू दर वर्षी खतासाठी मेंढरं बसवायचा, तेव्हापासूनची ओळख. ख्रिस्तोफर अंगणात खुर्ची टाकून बसला होता. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि एकच प्रश्न विचारला.

"भरल्यावर दांडा किती जड लागतो?"

"जड कुठला? एका बोटानं उचलतंय."

ख्रिस्तोफर इतका हसला की आतून त्याची बायको मर्सी बाहेर डोकावली.

"अहो म्हस्कूभाऊ, तीच तर चूक. रेल्वेच्या डब्याला दोन्ही टोकांना चाकं असतात. तुमच्याला मधेच एक जोडी. त्याचं तोंड जड पाहिजे, नाहीतर शेपूट हलवणारच. ड्रम पुढं घ्या. एका माणसाला दांडा उचलताना कमरेत कळ आली पाहिजे, म्हणजे झालं."

म्हस्कू चहाला थांबला नाही. मर्सी हाक मारत राहिली.

घरी येऊन त्यानं सगळं सामान बाहेर काढलं. फळ्या सुटल्या, फडताळ सुटलं, अकरा दिवसांचं काम अंगणात पसरलं. पलंग, फडताळ परत बसवून झाल्यावर ड्रम पुढच्या भिंतीशी आवळून बांधताना तो दम खायला थांबला. ओट्यावरून गिताबाई बघत होती.

"घोड्यावानी सारकं भरलं हुतं म्या," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "हितं ते चालत न्हाई म्हनं."

"घोडं तुमी कवा भरलंत?"

म्हस्कूनं वळून पाहिलं.

"तुमी मेंढरं घिऊन म्होरं जायाचा," गिताबाई म्हणाली. "घोडं म्या भरायची. दोन्ही अंगाला सारकं, त्ये खरं. पन जातं आन् भांडी खांद्याकडं म्होरं सरकवून. मागं टाकलं की घोडं ढुंगान उडवतं."

"मग आदी का न्हाई सांगितलंस?"

"इचारलं कुनी?"

हे अगदी खरं होतं आणि त्यामुळे म्हस्कूला त्यावर रागावताही येईना. सव्वीस वर्षं तो मेंढरं चारत चारत उशिरा मुक्कामावर पोचायचा तेव्हा चूल पेटलेली असायची. घोड्यावरून ते सगळं कसं उतरतं आणि पहाटे परत कसं चढतं, हे त्यानं कधी थांबून पाहिलंच नव्हतं. त्यानं दोरीची गाठ मारली, सोडली, परत मारली. मग पायरीपाशी येऊन उभा राहिला.

"मग आता इचारतो. ये. बघ, आजून काय ऱ्हायलंय."

गिताबाई उठली, पदराला हात पुसले आणि नव्या पायरीवर पाय ठेवून पहिल्यांदा आत चढली. म्हस्कू बाहेरूनच बोलत सुटला. ही जाळी, हा दिवा, हा पट्टा असा ओढायचा, भांडं हलत नाही. तिनं कशालाच हात लावला नाही. ती पलंगावर टेकली, दार ओढून घेतलं आणि दाराच्या आतल्या बाजूवरून तळहात फिरवला. खालपासून वरपर्यंत. मग दार उघडलं.

"आतनं कडी कुठाय?"

"भाईरनं हाय की. कुलूप बी लागतंय."

"भाईरचं न्हाई इचारलं."

ठेकेदाराला त्यात सामान कोंडायचं होतं, माणूस नाही. आत कडी नव्हतीच, आणि म्हस्कूच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

"आपुन दोघंच आसनार," तो म्हणाला. "कडी कशाला लागती?"

गिताबाई पलंगाच्या फळीवरचा भुसा झाडत बोलली. घरातलं मीठ संपलंय हे सांगावं, तशी बोलली.

"तुमी तिकडं वाघरीच्या जाळ्यापाशी, कोंडलेली मेंढरं राखत. म्या लेकराला घिऊन चुलीपाशी, उघड्यावर. रोज नवं रान, नवी मानसं. सव्वीस वरसांत एक रात डोळा लागला न्हाई माजा."

"काय तर बोलतीस! पडल्या पडल्या घोरायचीस तू. समद्यास्नी सांगायचो म्या, माजी गिता दगडावर बी झोपती."

"घोरायची. तुमी निवांत मेंढरं बघावीत म्हनून. आन् कुनी जवळ आलं तर वाटावं, गडी झोपलाय हितं. कोयता आसायचा उशाला. तुमाला वाटायचं, शेरडांस्नी पाला तोडायला."

त्याला तसंच वाटायचं. म्हस्कूला लाज वाटली. उन्हात उभं राहून, आपल्याच अंगणात, आपल्याच बायकोसमोर त्याला एवढी लाज वाटली की नजर कुठं ठेवावी हे कळेना. त्या वाटेची आठवण काढून तो आठ वर्षं झुरला होता. तीच वाट तिनं जागून काढली होती. त्यानं खिशातून मोजायची टेप काढली.

"कुठं लावू?"

"हितं," गिताबाईनं पलंगावर आडवं होऊन हात लांब केला आणि दारावर बोट टेकवलं. "निजल्या जागी हात पोचला पायजे."

"आन् मग येशील?"

"लावा तर आदी."

म्हस्कू गावातून मोठी लोखंडी कडी घेऊन आला. नुसत्या पत्र्यात स्क्रू धरेना, म्हणून त्यानं मागं सागाची पट्टी दिली आणि आरपार बोल्ट घातले. कडीला ग्रीस लावलं. आवाज न होता सरकली पाहिजे म्हणून ती दहादा मागंपुढं करून पाहिली, कोपरे कानशीनं घासले. त्या दिवशी जेवणाची वेळ टळून गेली तरी त्याला कुणी हाक मारली नाही. गिताबाई अंथरुणं उचलून आत लावत होती, आपल्या पद्धतीनं, आणि तो एका बाजूला सरकून तिला वाट देत होता.

"झालं," तो म्हणाला. "बघ लावून."

तो बाहेर उतरला. दार मिटलं. आतून कडी सरकल्याचा बारीक आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही.

म्हस्कू वाट बघत उभा राहिला. ती आतून काहीतरी म्हणेल, जड सरकते म्हणेल, खाली हवी होती म्हणेल. थोड्या वेळानं तो पायरीवर बसला. आणखी थोड्या वेळानं त्यानं दाराला कान लावला. घोरणं नव्हतं. नुसता श्वास होता, लांब आणि एकसारखा. दिवसा कधी पाठ न टेकणारी बाई होती ती.

हनुमंत पिकअप मागं घेत अंगणात आला. दौंडहून ख्रिस्तोफरनं त्यालाही फोनवर सगळं समजावलं होतं आणि आता तो पुन्हा हूक लावायला तयार झाला होता. गाडीतून उतरून त्यानं दांडा उचलून पाहिला आणि कमरेवर हात ठेवला.

"आता हाय जड. चला आप्पा, आंधार पडायच्या आत एक चक्कर मारू. आय कुठाय?"

म्हस्कूनं ओठांवर बोट ठेवलं आणि आपल्या पाठीमागच्या, डब्याच्या दाराकडं मान हलवली.

"झोपली?" हनुमंताचा विश्वास बसेना. "आय? मग जायचं न्हाई का?"

"गाडी बंद कर," म्हस्कू हलक्या आवाजात म्हणाला. "उठली की इचारू तिला."

हनुमंतानं इंजिन बंद केलं. दाणे टिपत टिपत कोंबड्या पायरीपाशी आल्या, तेव्हा म्हस्कूनं तोंडातून शब्द न काढता, नुसत्या हातानं त्या हाकलल्या.