पोशीच्या दारातला पाला

रविना दुपारी घरी आली आणि चहाला उकळी फुटायच्या आत घरात अकरा माणसं आणि एक कोंबडा जमा झाला. कोंबडा बारक्याचा. बारक्या म्हणजे पोशीचा धाकटा दीर, खोकला बारा महिने सोबतीला. त्याने कोंबडा एका काखेत धरला, दुसऱ्या हाताने रविनाचं टक्कल कुरवाळलं आणि म्हणाला, "भोपळा बरा धरलाय या साली."

रविना खुदकन हसली. पोशी मात्र आत येणारी माणसं मोजत होती.

सूर्यमाळच्या त्या पाड्यात कुणी दुखण्यातून उठून आलं की बघायला जायचं असा रिवाज. रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि दारातून परत तर मुळीच फिरायचं नाही. पोशीनेही उभ्या जन्मात कुणाला दारातून परत लावलं नव्हतं. पण तिच्या या नऊ वर्षांच्या नातीला रक्ताचा कॅन्सर होता. सून रखमी सात महिने मुंबईच्या इस्पितळात लेकीच्या उशाशी बसून होती. मधल्या खेपेला पोरगी अशीच घरी आली, आख्खा पाडा भेटून गेला, चौथ्या दिवशी ताप भरला आणि पुढचं औषध महिनाभर लांबलं.

आता एकच मोठं औषध उरलं होतं. उपकेंद्रातल्या नर्स सुषमाताईने सगळं फोड करून सांगितलं होतं. बारा दिवसांनी, शुक्रवारी, जव्हारला रक्त तपासायचं. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी हजाराच्या वर निघाल्या तर सोमवारी औषध सुरू, नाहीतर पुन्हा थांबा. तोवर उकळलेलं पाणी, ताजं शिजवलेलं अन्न, आणि बाहेरचं माणूस घरात नको. तसा कागदही तिने सकाळीच दारावर डकवला होता. बारक्याने तो अक्षर अक्षर लावून वाचला होता आणि "हा बाहेरच्यांसाठी हाय" म्हणून सरळ आत आला होता.

त्या संध्याकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या पोशीला आपली आई आठवली. देवीची साथ यायची ते दिवस. पोशीला देवी आल्या तेव्हा ती रविनाएवढीच होती. नाकावरचे वण अजून साक्षीला होते. आईने तेव्हा कुणाला समजावलं नव्हतं, की कागद लावला नव्हता. दारावर कडुलिंबाची डहाळी आडवी बांधली, बस. आपल्याला वाघसुद्धा वाट देतो असं सांगत फिरणारा जंगलखात्याचा शिपाई त्या डहाळीपुढून वहाणा हातात घेऊन माघारी गेला होता.

उजाडताच पोशी शाळेच्या आवारातल्या कडुलिंबाखाली गेली, दोन डहाळ्या मोडून आणल्या आणि दारावर बांधल्या. बोलली कुणाशी काही नाही.

पहिली आली फागी म्हातारी, पदरात कैऱ्या घेऊन. तिने डहाळी बघितली, मग पोशीच्या नाकाकडे बघितलं, कैऱ्या होत्या तिथे मातीत ठेवल्या, हात जोडले आणि उलट्या पावली गेली.

दुपारपर्यंत पाड्याला कळलं. दिवस मावळताना पोशीच्या ध्यानात आलं की कुठूनच फोडणीचा वास येत नाही. देवी घरात असली की तेल तापवायचं नाही, दाढी करायची नाही, वहाणा घालायच्या नाहीत, हे साठ वर्षांनीही म्हाताऱ्यांना जसंच्या तसं आठवत होतं. तरण्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून ते जास्तच जपून पाळत होते.

सुषमाताई दुसऱ्या दिवशी तणतणत आली. "आजी, देवीचा रोग जगातून गेलाय. कधीच."

"आलाय असं मी कुठं म्हटलं? मी पाला बांधलाय."

सुषमाताईने पाड्याकडे वळून बघितलं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. ओठ दाबत तिने विचारलं, "बरं, तुमच्या देवीला साबण चालतो का?"

पोशीने जरा विचार केला. "चालंल की. आमच्या वेळेला मिळत नव्हता, म्हणून मागत नव्हती."

टँकर दोन दिवसांआड यायचा, तरी तिसऱ्या दिवशी प्रत्येक दाराशी पाण्याचा तांब्या आणि साबणाचा तुकडा दिसू लागला.

जिच्या अंगात देवी आहे तिचा शब्द मोडायचा नाही, हेही फागीने अंगणापलीकडून रविनाला सांगून ठेवलं. तिथे फागीची चूक झाली. तोंडाला मास्क लावून रविना ओटीवर बसू लागली आणि पाडा पंधरा हातांवर उभा राहू लागला. देवीला कोल्हेकुई आवडते, असं ती म्हणाली. लगेच पोरं जांभळीवर चढून घसा बसेस्तोवर ओरडली. देवीला फागीआजीचं लग्न कसं जमलं ते ऐकायचं होतं. फागीने ते दोन दुपारी सांगितलं, नवऱ्याला आजवर न सांगितलेल्या गोष्टींसकट. नवरा शेजारीच उभा होता.

मग एक दिवस देवी म्हणाली, "बारक्या आजाने कोंबडा घेऊन नाचावं."

बारक्या नाचला. आधी कोंबड्याची अब्रू गेली, पाठोपाठ बारक्याची. रविनाला हसून हसून उचकी लागली. रखमी डोक्यावर हंडा घेऊन येत होती, ती वाटेतच थांबली. सात महिन्यांत ही उचकी तिने ऐकली नव्हती. हंडा हिंदकळून ती निम्मी भिजली तरी तिला पत्ता नाही.

पण बारक्याच्या मुलीचं, प्रतिक्षाचं लग्न रविवारी होतं. शनिवारी हळद. पाड्यात देवी आहे हे खोडाळ्याला नवऱ्याकडच्यांना कळलं आणि त्यांनी निरोप धाडला, देवी गेल्याशिवाय वऱ्हाड शिवेच्या आत येणार नाही.

गुरुवारी पोशी बारक्याच्या परसात गेली. तिला रात्रभर डोळा लागला नव्हता.

"बारक्या, देवीबिवी काय नाय. नुसता पाला हाय. आत्ता काढते. लगीन होऊ दे."

बारक्या कोंबड्याला दाणे टाकत होता. "माहीत हाय, वयनी."

"कवापासून?"

"पहिल्या दिसापासून." त्याने बाही वर करून दंडावरचा टोचल्याचा वण दाखवला. "हा टोचणारा तेव्हाच बोलला होता, आता देवीचा कायमचा खेळ खलास."

"मंग कोंबडा घेऊन नाचलास कशाला?"

"पोर हसत होती ना." तो खोकला, तोंडावर फडकं धरून, सुषमाताईने शिकवलं होतं तसं. "पाला राहू दे. लगीन महिन्यानं बी लागंल. औषध थांबंल का? प्रतिक्षाच बोलली असं. मला एवढी अक्कल कुठली?"

पोशीला त्याच्याकडे बघवेना. "खोकल्याचं दाखवून ये एकदा," एवढंच म्हणून ती निघाली.

शुक्रवारी रक्त दिलं. रिपोर्ट शनिवारी सकाळी सुषमाताईच्या मोबाइलवर येणार होता, आणि मोबाइलला रेंज फक्त शाळेमागच्या कातळावर. ती वर चढली. खाली आख्खा पाडा माना वर करून उभा. पोशीने मात्र डोळे मिटून घेतले होते.

सुषमाताई चपला हातात घेऊन धावत खाली आली. देवीला चालत नाहीत ना.

"सोळाशे चाळीस."

"हे कमी का जास्त?" फागीने विचारलं.

"हजार पाहिजे होत्या."

"मंग वरच्या सहाशे चाळीस काय करायच्या?"

"लग्नाला ठेव," बारक्या म्हणाला.

त्यावर जो हशा उठला, त्यात पोशी रडली ते कुणाला दिसलं नाही.

देवीला नुसतं जा म्हणून चालत नाही, शिवेपर्यंत पोचवावं लागतं. हळदीसाठी सांगून ठेवलेला ढोल बाहेर आला. पोशीने डहाळ्या सोडून टोपलीत घेतल्या. पुढे रविना, तोंडाला मास्क, डोक्यावर प्रतिक्षाची चमकीची ओढणी. पंधरा हात मागे बारा दिवसांच्या दाढ्या वाढवलेले बाप्ये, जसं काही गोसाव्यांचंच वऱ्हाड, आणि त्यांच्यात बारक्या, काखेत कोंबडा. प्रतिक्षा चालता चालता खोडाळ्याला फोन लावत होती. रेंज नव्हती तरी बोलत होती.

शिवेवर पोशीने टोपलीतल्या डहाळ्या काढून खाली ठेवल्या. ढोल थांबला. आता काहीतरी म्हणायचं असतं, पण काय ते कुणालाच आठवेना. पोशीची आई काहीतरी म्हणाली होती. काय बरं?

रविनाने वाट बघितली, मग स्वतःच म्हणाली, "देवी गेली. आता तेल तापवा."

पाडा धावत सुटला. पोशी आणि रविना सावकाश मागून उतरल्या. निम्म्या उतारावर आल्या तेव्हा घराघरांतून एकदम फोडण्या तडतडल्या आणि लसणाचा वास वर आला. देवी पोचवून आईच्या पाठीवरून परतताना पोशीला अगदी असाच वास आला होता.

रविनाने मास्कच्या आतूनच तो वास ओढून घेतला.

"आजी, घरात भाकर हाय का?"

सात महिने जेवणाचं ताट बघून तोंड फिरवणारी पोर. पोशीने रिकामी टोपली डोक्यावर उलटी घातली आणि वय विसरून उतारावरून पळत सुटली.