गोमतीबाईच्या उंबऱ्यावर ससा

किन्हीराजा गावाच्या खालच्या गल्लीत सकाळपासून ही गर्दी. चंद्रलोकातून आलेला ससा करणीवाल्या बाईचं घर दाखवणार होता. आठवड्यात सात बकऱ्या मेल्या होत्या. करणी झाली यावर गावाचं एकमत होतं. फक्त बाई ठरायची होती.

"हा ससा नव्हे, चंद्राचा दूत!" ससा घेऊन गावात आलेले महाराज गल्लीत मांडलेल्या भगव्या आसनावरून गरजले. "पाप्याच्या उंबऱ्यावरच हा मूत्रविसर्जन करतो!"

दूत तेव्हा कोथिंबीर खाण्यात गुंग होता.

महाराज एकेका दारापुढे त्याला सोडत गेले. पाच घरं त्याने नुसती हुंगली. सहावं घर गोमतीबाईचं, एकट्या विधवेचं. तिच्या दारातल्या पोत्यावर तो वळून बसला, शेपटी उचलली आणि मुतला.

"सापडली!" प्रेमसिंग ओरडला. मेलेल्यातल्या चार बकऱ्या त्याच्या. त्याने दगड उचलला. आणखी दहा-बारा जण वाकले.

"म्या काय केलं रे बाप्पा?" गोमतीबाईने दाराची चौकट घट्ट धरली.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. मी गर्दीतच होतो आणि गप्प होतो.

बोलली ती नाजिश, जऊळक्याहून बांगड्या विकायला येणारी. ती सरळ उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली.

"दगड ठेवा खाली!" तिनं पोतं उचललं. खाली ओलं गवत आणि मूठभर लेंड्या. "ससा तर पोत्याच्या वर बसला. मंग खाली लेंड्या कुठून आल्या? मावशी, काल इथं कोण आलं होतं?"

"हेच महाराज. भिक्षा मागून राह्यले होते. म्या म्हटलं, हातपाय धड हायेत, काम करा."

"नास्तिक बाई!" महाराज किंचाळले.

"माह्या घरी दोन ससे हायेत," नाजिश म्हणाली. "घरभर फिरतात, पण घाण एकाच ट्रेमधी करतात. काहून? म्या त्याईच्याच मुताचं गवत अन् लेंड्या त्या ट्रेमधी ठेवल्या. जिथं आपला वास, तिथंच ससा बसते. आता पाहा."

तिनं ते गवत महाराजांच्या आसनावर पसरलं, वर थोडा सुका चारा टाकला आणि ससा सोडला. दूत उड्या मारत गेला, चारा चघळत वळून बसला आणि आसनावर टपाटप लेंड्या टाकू लागला.

"महाराज, आता करणी कोणाची?"

गल्ली हसून लोळली. महाराज सटकायला निघाले, पण तोवर मी फोन करून बोलावलेले पोलीस गल्लीत आले होते. निदान तेवढं तरी मी केलं. दुसऱ्या दिवशी गुरांचे डॉक्टर आले. बकऱ्यांना साथीचा रोग होता. उरलेल्यांना लस टोचली.

आदल्या दिवशी गल्लीत सगळे हसत असताना गोमतीबाई मात्र हसली नाही. प्रेमसिंगला म्हणाली, "आता हासून राह्यला. मघा तुह्या हातात काय होतं रे?"

तो प्रश्न मलाही लागू होता; मी दगड उचलला नव्हता, पण उचलणाऱ्यांना अडवलंही नव्हतं.

म्हणून एवढंच मागतो. चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी पोतं उचलून पाहा. आणि कुणी एखाद्या बाईकडे बोट दाखवलं, तर पुरावा मागा. तो मिळेपर्यंत तिच्या दारात, तिच्या बाजूने उभे राहा.