सासूबाईंची उडी

शनिवारी सकाळी आम्ही तळ्याकाठी तंबू ठोकत होतो. सासूबाई मात्र खुर्चीत बसून कुरकुरत होत्या, "घरचं अंथरूण सोडून चिखलात झोपायची कसली हौस!"

तेवढ्यात सोसाट्याचा वारा आला आणि तंबू उडून थेट पाण्यात पडला. आम्हा नवरा-बायकोला पोहता येत नव्हतं, म्हणून आम्ही काठावर नुसतेच ओरडत राहिलो. सासूबाईंनी बाह्या सरसावल्या, सरळ उडी मारली आणि सपासप हात मारत तंबू काठाला ओढून आणला.

"आई, तुला पोहता येतं?" नवऱ्याने आ वासून विचारलं.

"लग्नाआधी रोज पोहायचे. नंतर पाण्याजवळ नेलं कुणी?"

तंबू वाळला, तरी त्या बाहेर येईनात. शेवटी मीच भीत भीत कंबरभर पाण्यात उतरले.

"घाबरू नकोस, सूनबाई," त्या म्हणाल्या, "पाय मार!"