खोक्यांच्या फळ्यांची शेड

ऐक ना. नुसतं ऐक, मध्ये काही विचारू नकोस, सगळं सांगते.

आपली करिष्मा गं, आकुर्डीची, चाकणला कंपनीत क्वालिटीत असते ती. तिच्या घरामागच्या शेडवरून सोसायटीत जे काही झालंय ना, बापरे.

तर त्यांची सोसायटी म्हणजे रो-हाऊसची. एकाच कंपनीतल्या कामगारांनी मिळून उभी केलेली. पुढं अंगण, मागं परस, परसाच्या भिंतीपलीकडं बोळ. करिष्माच्या परसात तिच्या पप्पांनी, म्हणजे रंगरावांनी, स्वतःच्या हातानं बांधलेली शेड. वर पत्रा, आणि भिंती कशाच्या माहितीये? कंपनीत परदेशातून मशिनी यायच्या, त्यांच्या लाकडी खोक्यांच्या फळ्यांच्या. त्या फळ्यांवर अजून काळ्या रंगातलं छापील दिसतं, कुठं छत्री, कुठं काचेचा पेला, कुठं वर जाणारे बाण. करिष्मा शाळेत सगळ्यांना सांगायची, आमच्या पप्पांनी भिंतीवर चित्रं काढलीत म्हणून!

आत एक बाकडं, त्याला लोखंड घट्ट पकडायचा व्हाइस, एक छोटं ड्रिल मशीन, आणि खिळ्यांना ओळीनं टांगलेले पाने, कानशी, हातोड्या. पप्पा फर्स्ट शिफ्ट करून यायचे, चहा घ्यायचे की थेट शेडमध्ये. ही मागोमाग. मग ते तिला लोखंडाचा एक तुकडा द्यायचे, म्हणायचे, "घास." ही घासायची. पप्पा त्यावर गुण्या, ती काटकोन बघायची पट्टी, धरायचे, तुकडा खिडकीसमोर न्यायचे आणि म्हणायचे, "उजेड दिसतोय बघ खालून. अजून घास." रडकुंडीला यायची ती, पण जागची हलायची नाही. कटिंग ऑइलचा तो वास आला ना, की आजही तिला पप्पा आठवतात. ती चाकणच्या कंपनीतसुद्धा मशीनजवळून जाताना जरा रेंगाळते, खरंच.

आणि खंडेनवमी! त्या दिवशी पप्पांच्या कंपनीत घरच्यांना आत सोडायचे. वर्षातून एकदाच. धुऊनपुसून चकाचक मशिनी, त्यांना झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, आणि ही फ्रॉक घालून पप्पांच्या मशीनसमोर उभी, हातात पेढ्यांचा बॉक्स. पुढं कंपनी बंद पडली. आता तिथं टॉवर आहेत. मग काय करायचं, तर सोसायटीतली सगळी माणसं खंडेनवमीला रंगरावांच्या शेडमध्ये जमायला लागली. ज्याचं जे हत्यार उरलंय ते बाकड्यावर ठेवायचं आणि पूजा करायची. हळूहळू माणसं कमी झाली. कोणी घर विकून गावी गेलं, कोणी वारलं. रंगरावही गेले. मग इंदुताई, म्हणजे करिष्माची आई, एकट्याच करायच्या. रोज दुपारी तिथंच असायच्या त्या. पान्यांना गंज चढू नये म्हणून तेलाचं फडकं फिरवत बसायच्या. कशाला, विचारलं तर म्हणायच्या, "हात रिकामे नकोत."

आणि अशात सोसायटीची नोटीस. मागच्या मोकळ्या जागेतलं अनधिकृत बांधकाम काढून टाका!

नवा सेक्रेटरी निरंजन. हिंजवडीला आयटीत. माणूस वाईट नाही गं. बोळातून ड्रेनेजची नवी लाईन टाकायची होती, सगळ्यांची परसं मोकळी पाहिजे होती. करिष्मा तरातरा त्याच्या घरी गेली.

"ही शेड माझ्या जन्माच्या आधीची आहे, निरंजनदादा."

"मान्य. पण परवानगी?"

"तेव्हाच्या कमिटीनं दिली होती."

"लेखी?"

आता लेखी कुठून आणणार? तेव्हाची कमिटी म्हणजे पप्पांच्याच लाईनवरची माणसं. अध्यक्ष पप्पांच्या शेजारच्या मशीनवर. शिफ्ट बदलताना चहाच्या टपरीवर पप्पांनी विचारलं असणार, त्यानं म्हटलं असणार, "बांध की राव, विचारतो काय!" झाली परवानगी. त्या सगळ्या सोसायटीत कुणी कुणाकडून काही लिहून घेतलंच नाही. लिहून मागणं म्हणजे त्यांच्यात अपमान.

"मी पर्सनल करत नाहीये," निरंजन म्हणाला. "पण तुमची ठेवली तर उद्या प्रत्येकजण परसात खोली काढेल. दसऱ्यानंतर सभा आहे, तिथं मांडा तुमचं म्हणणं."

करिष्मा रडतच घरी. तिथं नवाबचाचा बसलेले. पप्पांचे दोस्त, त्याच कंपनीतले, आता काळेवाडीत त्यांचं गॅरेज आहे. ही म्हणाली, "चाचा, वकील करते मी."

"वकील काय करेल बेटा? त्याला पण कागदच लागणार ना." चाचांनी बशीतला चहा संपवला. "या नव्या लोकांनी आत काय आहे ते बघितलंच नाही. त्यांना वाटतं, अडगळ आहे. खंडेनवमी आलीये. बोलव सगळ्यांना, पहिल्यासारखं. क्यूं भाभी?"

इंदुताई म्हणाल्या, "सगळ्यांना?"

एवढंच म्हणाल्या. पण करिष्मा तोवर मोबाईलवर टाईप करायलाही लागली होती. सोसायटीच्या ग्रुपवर तिनं टाकलं, खंडेनवमीला आमच्या शेडमध्ये पूजा आहे, आपापलं हत्यार घेऊन या. लगेच एकाचं उत्तर, "हत्यार? पोलीस चौकीत कळवू का आधी?" आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

पण आले गं सगळे! कोणी लॅपटॉप आणला, ब्यूटी पार्लरवाल्या बाईंनी कात्री, त्या दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत त्यांनी छोटा आरसा. कोपऱ्यावरच्या शालनबाई पोळपाट-लाटणं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माझी तर तिन्ही शिफ्ट याच्यावरच असते, ठेवा मधोमध." काय हसले लोक! नवाबचाचांनी आपला जुना पाना ठेवला. चाचांनीच माळा बांधल्या, पप्पा बांधायचे तशा, ड्रिलच्या हँडलला दोन वेढे देऊन. पोरं भिंतीवरच्या छत्र्या शोधत फिरत होती. आणि निरंजन? तो त्या व्हाइसपाशी उभाच राहिला. त्याचा दांडा हळूच फिरवला, परत उलटा फिरवला.

"आमच्या अप्पांकडे असाच होता," तो म्हणाला. "इचलकरंजीला. यंत्रमाग दुरुस्त करायचे ते. मी कधी हातच लावला नाही."

करिष्माला वाटलं, जिंकलो! आईकडे बघून तिनं डोळासुद्धा मारला. इंदुताई दारात उभ्या राहून पेढे वाटत होत्या. आपल्याच शेडमध्ये आत जायला त्यांना जागा नव्हती.

मग सभा. निरंजन उभा राहिला. "मी चुकलो. ती शेड पाडायची नाही, लाईन जरा वळवून घेऊ." टाळ्या. करिष्माच्या डोळ्यांत पाणी. आणि तो पुढं म्हणतो, "पण एकाच्या खासगी बांधकामाला सूट दिली तर नियम उरत नाही. म्हणून असं सुचवतो, शेड सोसायटीची करू. परसाची मागची भिंत फोडून बोळातून दार काढू. अवजारं सगळ्यांना वापरता येतील, पोरांना शिकता येईल, दर खंडेनवमीला पूजा. दारावर रंगरावांचं नाव लावू!"

अगं, टाळ्या थांबेचनात. शालनबाई तर उभ्या राहिल्या. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझा मुलगा पूजेपासून कानस मागतोय. सगळे इतके प्रेमानं बोलत होते ना, की भांडायचं कुणाशी? करिष्मानंच दाखवलं होतं सगळ्यांना शेड किती सुंदर आहे ते. तेव्हा आता सगळ्यांनाच हवी होती.

करिष्मानं विचारलं, "आणि आम्ही नाही म्हटलं तर?"

निरंजन खाली बघत म्हणाला, "मग नोटीस आहे तशीच राहते. माझा इलाज नाही गं."

सभासद इंदुताई. घर त्यांच्या नावावर, मत त्यांचं. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. सोबतीला आलेले नवाबचाचा मागं खुर्चीत, मान खाली घालून. इंदुताईंनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "करिष्मा सांगेल तसं."

सगळं हिच्यावर! ती आईच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का शोधत राहिली. काही सापडेना. तिच्या डोळ्यांपुढं दोनच गोष्टी, फळ्या उचकटून टेम्पोत भरलेल्या, नाहीतर पप्पांच्या बाकड्याभोवती ही सगळी माणसं. ती म्हणाली, "घ्या. सोसायटीची करा."

घरात आल्यावर इंदुताईंनी चहा ठेवला, गाळला, हिच्या हातात कप दिला. मग म्हणाल्या, "बरं केलंस. पाडली असती तर मला बघवलं नसतं."

करिष्माचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्या पुढं म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, रागबिग काही नाही, "फक्त आता माझ्याच परसात जायचं तर केस विंचरून, साडी नीट करून जावं लागेल. तुझ्या पप्पांशी बोलायला मी तशी कधी गेले नव्हते."

भिंत फोडली गेल्या आठवड्यात. दार बसलं, नावाची पाटी पण छान आहे. रविवारी पोरांची ही गर्दी असते, ठोकाठोकी चालू असते, नवाबचाचा शिकवायला येतात, एकदम खूश असतात. करिष्मा म्हणते, इतकी माणसं तर पप्पांच्या वेळेलाही नसायची. आणि इंदुताई दुपारी पुढच्या खोलीत बसतात. टीव्ही लावतात, आवाज बंद करून.

परवा करिष्मानं मला विचारलं, मी चुकले का गं? मला काही सांगताच येईना. म्हणून तुला विचारतेय. पाडू दिली असतीस, की देऊन टाकली असतीस? त्या सभेत, सगळे तुझ्याकडे बघत असताना, तू काय केलं असतंस?